जुन्या वाड्यातील उन्हाळा : भिंत, छप्पर आणि रात्रीची हवा

दख्खनच्या पठारावरील जुना वाडा उन्हाळ्यात थंड असतो, असा सर्वसाधारण समज आहे. वाड्याच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचा अनुभव मात्र पुष्कळदा ह्याच्या उलट असतो. वैशाखातील दुपारी खालच्या माजघरात पाऊल टाकताच हायसे वाटते. त्याच वेळी त्याच घराच्या माडीवर पत्र्याखाली क्षणभर बसवत नाही. हा भेद कशामुळे पडतो ते समजून घेतल्याखेरीज अशा घराच्या सुधारणेस कोठून आरंभ करावा हे ठरवता येत नाही, आणि ते न ठरवता केलेला खर्च बहुधा भलत्याच जागी होतो.

पुण्यातील वाड्याची रचना सर्वपरिचित आहे. काळ्या दगडाचे जोते, सागवानी खांब व तुळया, त्यांच्यामध्ये वीट-चुन्याच्या किंवा मातीच्या जाड भिंती, मध्ये उघडा चौक आणि भोवताली ओसरी. ह्या रचनेचे श्रेय सामान्यतः भिंतींच्या जाडीस दिले जाते. ते अंशतःच योग्य आहे. जाड भिंत उष्णता अडवते असे म्हणण्यापेक्षा ती उष्णतेस विलंब लावते व तिची चढउतार बोथट करते, असे म्हणणे अधिक यथार्थ होय. दिवसाचे ऊन व रात्रीचा गारवा ह्यांची लहर भिंतीच्या पृष्ठभागावरून आत सरकते. विटेच्या बांधकामात सुमारे १२ सेंटिमीटर खोलीवर ह्या लहरीची उंची मूळच्या सुमारे ३७ टक्के उरते. ४५ सेंटिमीटर खोलीवर ती दोन टक्क्यांच्या आसपास येते आणि तेथवर पोहोचण्यास तिला चौदा-पंधरा तास लागतात. हे गणित भिंत अमर्याद जाड मानून केलेले असल्याने प्रत्यक्षात आकडे थोडे बदलतील. निष्कर्ष बदलत नाही.

निष्कर्ष असा की, अशा भिंतीचा आतील भाग दिवसभराच्या सरासरी उष्णतामानाजवळ स्थिर राहतो. पुण्यात एप्रिलमध्ये कमाल उष्णतामान सरासरीने ३८ अंश सेल्सियसच्या आसपास आणि किमान २१ अंशांच्या आसपास असते. म्हणजे ऊन न लागणारी जाड भिंतसुद्धा, तिच्यावर सोडून दिल्यास, २९-३० अंशांवर राहील. हे काही थंड म्हणता येणार नाही. माजघराचा जो गारवा सर्वांच्या आठवणीत असतो तो निव्वळ भिंतीने दिलेला नव्हे. रात्रभर उघड्या राहिलेल्या झडपांतून आणि चौकातून खेळलेल्या हवेने भिंतीची आतली बाजू निवत असे, आणि सकाळी नऊच्या सुमारास दारे-खिडक्या लावून घेण्याच्या रिवाजामुळे तो गारवा दुपारपर्यंत टिकत असे. भिंत ही केवळ साठवणीची जागा होय. साठवायचे काय, हे खिडकी ठरवते.

हा उपाय सर्वत्र चालतो असे नाही. मुंबईत मे महिन्यात कमाल व किमान उष्णतामानांत सहा-सात अंशांचेच अंतर असते आणि रात्रीची हवाही दमट असते. तेथे भिंत निववण्यापेक्षा अंगावरून वाहणारा वारा महत्त्वाचा ठरतो. पठारावर हे अंतर सोळा-सतरा अंशांचे असल्याने रात्रीची हवा हे तेथील घराचे खरे भांडवल आहे. दुर्दैवाने तेच प्रथम गमावले गेले. चोरांच्या भीतीने व डासांमुळे खिडक्या रात्री बंद राहू लागल्या; एका कुटुंबाच्या वाड्यात अनेक बिऱ्हाडे आली, आडोसे उभे राहिले; पुष्कळ ठिकाणी चौकावरच पत्रे टाकून सामानाची सोय करण्यात आली. चौक झाकला की वर चढणाऱ्या ऊन हवेची वाट बंद होते आणि खालच्या खोल्यांत गार हवा ओढली जाणेही थांबते. तेव्हा खिडक्यांस लोखंडी गज व बारीक जाळी बसवणे आणि चौक मोकळा करणे ही कामे दिसायला किरकोळ असली तरी त्यांची गणना उष्णतेवरील उपायांतच केली पाहिजे. जाळीने हवा काहीशी अडते हे खरे. पण बंद खिडकीतून ती मुळीच येत नाही.

माडीचा प्रश्न निराळा आहे. तेथे दोष छपराचा असतो. एप्रिलच्या दुपारी आडव्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला सुमारे ९०० वॅट इतके सौर प्रारण पडते. जुन्या, काळवंडलेल्या पत्र्याने त्यातील ७० टक्के शोषले असे धरले, तर ३८ अंशांच्या हवेत छपरावर जणू ६० अंशांच्या हवेचा मारा होत असल्यासारखी स्थिती येते. आतली बाजू २६ अंशांवर ठेवू म्हटले तर १२ चौरस मीटरच्या खोलीत केवळ छपरातून सुमारे २,००० वॅट उष्णता उतरते. एक टनाचे वातानुकूलन यंत्र सुमारे ३,५०० वॅट उष्णता बाहेर टाकते. म्हणजे त्याची निम्म्याहून अधिक शक्ती छपराशी झुंजण्यातच खर्च होते. यंत्र नसेल तर हा सारा भार खाली बसलेल्या माणसावर पडतो. हवा फारशी तापलेली नसली तरी डोक्यावरील तप्त पत्र्याचे प्रारण त्यास जाणवत राहते. दुपारी अशा खोलीत बहुधा वृद्ध माणसे व तान्ही मुले असतात, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

जुन्या कारागिरांनी ह्याचा विचार केलेला होता. कौलांखाली सागाच्या फळ्यांची तक्तपोशी असे, आणि तिच्यावरील पोकळीत हवा असे. एवढ्याने छपरातून येणारी उष्णता निम्म्याहून कमी होते. मंगळूर येथे १८६५ साली कौलांचा कारखाना निघाल्यानंतर मंगलोरी कौले पुढे दूरवर पसरली. नंतर डागडुजीच्या सोयीसाठी अनेक ठिकाणी कौलांच्या जागी पत्रा आला. वाळवी लागलेली तक्तपोशी काढून टाकण्यात आली, ती पुन्हा बसली नाही. आज तिच्या जागी पाच सेंटिमीटर जाडीचा उष्णतारोधक थर व त्याखाली साधे छत दिल्यास वरील २,००० वॅटचा आकडा २५० च्या आसपास येतो. थर्माकोल स्वस्त असला तरी ज्वालाग्राही आहे; सागवानी वाशांच्या घरात त्याऐवजी दगडी लोकर वापरणे शहाणपणाचे.

पत्रा काढून स्लॅब घालणे हा उपाय नव्हे. स्लॅब व त्यावरील वीटकोबा मिळून लहरीस पाच-सहा तासांचा विलंब लावतात, म्हणजे दुपारी एकचे ऊन संध्याकाळी सहा-सातला खोलीत उतरते. पत्रा निदान सूर्य मावळताच निवतो. स्लॅबखालचा माणूस मध्यरात्रीपर्यंत तळमळतो.

भिंतींबाबत एकच सावधगिरी पुरेशी आहे : त्यांना आतून लाकडी किंवा जिप्समची तावदाने लावू नयेत. उष्णतेची दैनंदिन देवघेव आतल्या दहा-बारा सेंटिमीटरांतच होते. ती झाकली की भिंत असून नसल्यासारखी होते. मातीच्या भिंतीस सिमेंटचा गिलावाही करू नये. ओल आत कोंडते, आणि ओली माती भार सोसत नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांतील मातीचे कित्येक वाडे पाण्याने विरघळून कोसळले. कोंडलेली ओल तेच काम सावकाश करते.

एवढे झाल्यावर पंख्याचा विचार करावा. वाहत्या हवेमुळे दोन-तीन अंश अधिक उष्णता सुसह्य होते. जुना छतपंखा ७५ वॅट घेतो, तर नवा ब्रशविरहित मोटरीचा सुमारे ३०. दिवसाकाठी बारा तास व चार महिने असा हिशेब केला तर एका पंख्यामागे ६५ युनिटे वाचतात. वातानुकूलन यंत्र घ्यायचेच असेल, तर ते छत झाल्यावर, म्हणजे लहान आकाराचे घेता येईल.

खरी अडचण शास्त्राची नसून हिशेबाची आहे. २०१८ साली आलेली इको-निवास संहिता छपरातून जाणाऱ्या उष्णतेवर मर्यादा घालते, परंतु ती नव्या इमारतींसाठी. जुन्या वाड्यात मालकास भाडे नाममात्र मिळते, म्हणून तो छत घालीत नाही. घर आपले नाही, म्हणून भाडेकरू घालीत नाही. विजेचे बिल मात्र भाडेकरूच भरतो. अशा स्थितीत त्याच्या आवाक्यात राहणारे काम म्हणजे छपर पांढरे करणे. कोब्यावर व कौलांवर चुना चालतो. पत्र्यावर तो नीट धरत नाही, तेथे परावर्तक रंग लागतो. शोषण ७० टक्क्यांवरून ३० वर आले तर वरील खोलीतील २,००० वॅटचे सुमारे १,१५० होतात. चुना पावसाळ्यात धुऊन जातो, म्हणून तो दरवर्षी द्यावा लागतो. भिंतींची रंगसफेदी दसरा-दिवाळीस करण्याची चाल आहे. छपराची मात्र फाल्गुनात, होळीच्या सुमारास करावी.