वाचनमंडळाकरितां ऐतिहासिक कादंबरीची निवड

कादंबरीसारखा विषय ह्या त्रैमासिकाच्या पृष्ठांवर आलेला पाहून कित्येक वाचकांच्या कपाळास आठी पडेल. ज्यांचें आयुष्य दप्तरांचे रुमाल सोडण्यांत व बांधण्यांत गेलें, त्यांस कल्पित कथेशीं काय कर्तव्य, असा त्यांचा प्रश्न असेल, व तो गैर नाहीं. परंतु हा लेख लिहिण्यास आम्हांस एका मोडी कागदानेंच प्रवृत्त केलें, हें प्रथम सांगितलें म्हणजे त्यांचा राग थोडा निवेल.

गेल्या पावसाळ्यांत एका परिचित संग्राहकांनीं आम्हांस भ्रमणध्वनीवर एका पत्राचें छायाचित्र पाठविलें. कोणा फिरत्या विक्रेत्यानें तें त्यांस दाखविलें होतें आणि किंमत बरीच मोठी सांगितली होती. पत्र शके १५९१ च्या माघांतील, सिंहगड हातीं आल्याचें वर्तमान कळविणारें. कागद जुना दिसत होता. शाई मात्र आरंभापासून अखेरपर्यंत एकसारखी काळी. अक्षर वळणदार खरें, परंतु तें वळण पेशवाईच्या उत्तरार्धांतील कारकुनाचें, शिवकालीन नव्हे. संशयास एवढी जागा पुरे होती. तथापि छायाचित्रावरून अक्षराचा निवाडा करूं नये असा आमचा नियम असल्यामुळें आम्ही मितीकडे वळलों. शके १५९१ लिहून पुढें संवत्सराचें नांव ‘आनंद’ असें घातलेलें. राज्याभिषेक शके १५९६ सालीं आनंदनाम संवत्सरीं झाला हें सर्वांस ठाऊक आहे. तेथून मागें मोजूं लागलें म्हणजे प्रमादी, परिधावी, विरोधकृत्, साधारण अशीं नांवें ओलांडून शके १५९१ ला ‘सौम्य’ संवत्सर येतो. लिहिणारास शिवकालांतील एकच संवत्सर माहीत होता व तोच त्यानें चिकटवून दिला. पत्राच्या शेवटीं गड मिळाला पण सिंह गमावला अशा अर्थाचे शब्द महाराजांच्या तोंडीं घालून, म्हणून गडाचें नांव त्या दिवसापासून सिंहगड ठेविलें, असें लिहिलें होतें.

ह्या शेवटच्या मजकुरानें तर कागदाची जन्मपत्रिकाच आमच्या हातीं दिली. सिंहगड हें नांव महाराजांच्या १६६३ सालच्या पत्रांत आलेलें आहे. म्हणजे तानाजी मालुसरे १६७० च्या फेब्रुवारींत पडले त्यापूर्वीं सात वर्षें तें प्रचारांत होतें. सभासदाच्या बखरींत महाराजांचे उद्गार आहेत, पण त्यांत सिंह नाहीं. एक गड घेतला तों दुसरा गड गेला, असा तेथील आशय, व तो दुसरा गड म्हणजे स्वतः तानाजी. घोरपडीची कथा शाहिराच्या पोवाड्यांतली. सिंह महाराष्ट्रांत घरोघर पोंचला तो मुख्यत्वें हरि नारायण आपटे यांच्या विसाव्या शतकाच्या आरंभींच्या कादंबरीमुळें व तिच्या नांवामुळें. हरिभाऊंचा ह्यांत काडीचाही दोष नाहीं. त्यांनीं कादंबरी म्हणून कादंबरी लिहिली. दोष तिला दप्तर समजून वाचणारांचा, आणि त्या समजुतीवर पोट भरणारांचा. आमच्या मित्रांनीं कागद घेतला नाहीं. विसार म्हणून दिलेले पैसे मात्र बुडाले.

यावरून संशोधकानें कादंबरीस शिवूं नये असें म्हणणें सोपें आहे. आमचें मत नेमकें उलट झालें आहे. लोक इतिहास म्हणून जें बोलतात, कुळकथांत जें मिसळलें जातें, बनावट कागदांत जें उतरतें, त्याचा बराच भाग कादंबऱ्यांतून येतो. तेव्हां ज्यास कागद पारखावयाचे त्यास कादंबऱ्याही ओळखतां आल्या पाहिजेत. १९२६ च्या ३१ डिसेंबर रोजीं आमच्या शेजारच्या धुळ्यांत ज्यांचा देह पडला, त्या इतिहासाचार्य राजवाड्यांनींही साधनांच्या पहिल्या खंडानंतर चारच वर्षांनीं, १९०२ सालीं, कादंबरी ह्या विषयावर स्वतंत्र निबंध लिहिला होता. त्यांस तो विषय हलका वाटला नाहीं.

येथें संस्कृताच्या जुन्या अध्यापकास एक विषयांतर क्षम्य असावें. आपल्या आलंकारिकांनीं गद्यकाव्याचे दोन भेद सांगितले: ज्याचा विषय घडलेला तें आख्यायिका, ज्याचा विषय कवीनें रचलेला ती कथा. बाणभट्टाचें ‘हर्षचरित’ पहिल्याचें उदाहरण, ‘कादंबरी’ दुसऱ्याचें. मराठीनें ह्या सबंध वाङ्मयप्रकारास नांव दिलें तें दुसऱ्या पुस्तकाचें! ऐतिहासिक कादंबरी हा शब्दप्रयोगच त्यामुळें थोडा विसंगत झाला आहे. दंडीनें मात्र ‘काव्यादर्शां’त हा भेद मानण्याचें नाकारलें, नांवें दोन असलीं तरी जाति एकच, असें त्याचें म्हणणें. वाचकाच्या दृष्टीनें दंडी बरोबर आहे. संशोधकाच्या दृष्टीनें मात्र भेद ठेवणें भाग आहे, आणि तो एकाच पुस्तकाच्या आंत, पानोपानीं, ठेवावा लागतो.

आतां मूळ गोष्टीकडे. नंदुरबारांत आमचें चौदापंधरा जणांचें एक वाचनमंडळ आहे. त्यास नांव नाहीं, वर्गणी नाहीं; महिन्यांतून एका रविवारीं कोणाच्या तरी ओसरीवर जमावयाचें आणि ठरलेल्या पुस्तकावर बोलावयाचें. दोघे निवृत्त शिक्षक, एक वकील, एक औषधविक्रेते, दोन परिचारिका, बाकीचे तरुण शिक्षक व शिक्षिका. बनावट पत्राची हकीकत आम्हीं तेथें सांगितली तेव्हां सर्वांनीं ठरविलें कीं ह्या वर्षीं एक ऐतिहासिक कादंबरी अशा रीतीनें वाचावी कीं तींत कागद कोठें संपतो व कर्ता कोठें सुरू होतो हें आपणांस दाखवितां यावें. पुस्तक निवडण्याचें काम वयोमानामुळें आमच्याकडे आलें.

आम्हीं मनाशीं एक कसोटी धरली. ज्या प्रसंगाचीं अस्सल साधनें छापून प्रसिद्ध झालीं आहेत व सामान्य ग्रंथालयांत मिळूं शकतात, अशाच प्रसंगावरील कादंबरी घ्यावयाची. एरव्हीं पडताळा कशाशीं पाहणार? ह्या चाळणींतून पुष्कळ पुस्तकें गळालीं. रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची १८७१ ची ‘मोचनगड’ मराठींतील पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून मान्यता पावलेली. परंतु तींत ऐतिहासिक वातावरण पुष्कळ आणि पडताळून पाहण्याजोगें थोडें. हरिभाऊंची ‘वज्राघात’ आम्हांस त्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत सर्वांत भारदस्त वाटते; पण १५६५ च्या विजयनगरच्या पाडावाचीं साधनें फार्शी व पोर्तुगीज, तीं आमच्या ओसरीवर कोण वाचणार?

रणजित देसाई यांच्या १९६२ सालच्या ‘स्वामी’कडे मंडळाचा ओढा होता. माधवराव पेशव्यांच्या कारकीर्दीचे कागद विपुल आहेत. राक्षसभुवनची लढाई घ्या, १७६८ मध्यें धोडपेस राघोबादादांस धरलें तो प्रसंग घ्या, कागद बोलतात. परंतु त्या कादंबरीचें काळीज राक्षसभुवनास नाहीं, धोडपेसही नाहीं. तें माधवराव व रमाबाई यांच्या एकांतांत आहे, आणि पतिपत्नींचें एकांतांतील बोलणें टिपण्यास कोणत्याही सरकारांत कारकून नेमलेला नसतो. १७७२ च्या १८ नोव्हेंबरास थेऊर येथें काय घडलें तें ठाऊक आहे. काय बोलणें झालें तें देसायांनीं रचलें, व इतकें चांगलें रचलें कीं पुष्कळ वाचकांस तें ऐकल्यासारखें वाटतें. कादंबरीचा हा गुणच आहे. आमच्या कामास तो अडचणीचा होता, इतकेंच.

उरलें विश्वास पाटील यांचें १९८८ सालचें ‘पानिपत’. येथें आमची कसोटी पूर्णपणें उतरली. राजवाड्यांच्या साधनांचा १८९८ चा पहिला खंड ह्याच काळच्या पत्रांचा. भाऊसाहेबांची बखर आहे. काशीराज पंडिताची हकीकत आहे. सरदेसायांनीं संपादिलेले पेशवे दप्तराचे ४५ खंड आहेत. आणि ह्या सर्वांची झडती घेणारा त्र्यंबक शंकर शेजवलकर यांचा ग्रंथ आहे. सदाशिवरावभाऊंस जुन्या लेखकांनीं हट्टी व गर्विष्ठ ठरविलें होतें. शेजवलकरांनीं त्यांची बाजू मांडली. पाटलांनीं त्यांस नायक केलें. मत कागदांतून इतिहासग्रंथांत व तेथून कादंबरींत कसें उतरतें, हें पाहण्यास याहून सोयीचें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. शिवाय भाऊंची स्वारी १७६० च्या वसंतांत परतुडाहून निघाली ती बऱ्हाणपूरमार्गें, म्हणजे जुन्या खानदेशाच्या अंगानेंच, उत्तरेस गेली. आम्हीं निर्णय सांगितला, कारणें सांगितलीं, आणि काम झालें असें समजून पान लावावयास घेतलें.

तेव्हां धडगांवकडील एक तरुण शिक्षिका, ज्या सहसा कमी बोलतात, त्या म्हणाल्या, “गुरुजी, आपली कसोटी मला मान्य आहे. फक्त तिनें चाळल्यावर आमचीं माणसें कधींच वर राहणार नाहींत. ज्यांनीं कागद लिहिले त्यांच्याच कादंबऱ्या आपण वाचत राहूं.”

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. ज्या जिल्ह्यांत २०११ च्या जनगणनेप्रमाणें शेंकडा ६९ च्या वर लोक अनुसूचित जमातींचे आहेत, तेथें बसून आम्हीं केलेल्या यादींत भिल्ल, पावरा, मावची यांपैकीं कोणीही नव्हतें, आणि चाळीस वर्षें ज्यांच्या मुलांस शिकविलें त्यांच्याविषयीं आम्हांस ही उणीव दिसलीही नव्हती. ह्या मुलखाचा उल्लेख इतिहासांत बहुधा वाट म्हणून येतो. सतराव्या शतकांत टॅव्हर्निये सुरतेहून बऱ्हाणपुराकडे जातांना नवापुरचा तांदूळ शिजला म्हणजे बर्फासारखा पांढरा होतो व त्यास कस्तुरीचा वास येतो, असें लिहून गेला. तो पिकविणाऱ्याविषयीं जाणून घ्यावेंसें त्यास वाटलें नाहीं. आम्हीं त्याच्याहून वेगळें काय केलें होतें?

त्या बाईंनीं सुचविलेलें पुस्तक बाबा भांड यांची ‘तंट्या’ ही कादंबरी. तंट्या भिल्ल निमाडांतला. होळकरी मुलूख, मध्यप्रांत व खानदेशची सीमा ह्यांमध्यें त्याचा वावर. १८८९ च्या डिसेंबरांत जबलपुरास त्यास फांशी दिलें. त्याच वर्षीं त्याचें वर्तमान न्यू यॉर्कच्या वृत्तपत्रांत ‘भारताचा रॉबिन हूड’ म्हणून छापलें गेलें होतें. सातपुड्याच्या दोन्ही अंगांस लोक त्यास ‘मामा’ म्हणतात. म्हणजे त्याच्यासंबंधीं कागद नाहींत असें नव्हे. पोलिसांचे, न्यायालयाचे, वर्तमानपत्रांचे आहेत. फक्त ते त्यास धरूं पाहणाऱ्यांच्या बाजूचे आहेत. दुसरी बाजू गाण्यांत व आठवणींत आहे, आणि त्यांस मिती नाहीं. आम्ही आयुष्यभर मिती नसलेला मजकूर बाजूस ठेवीत आलों. परंतु ज्या कागदानें ह्या सर्व प्रकरणास आरंभ झाला त्यावर मिती होती, शक होता, संवत्सर होता.

तेव्हां आम्हीं कसोटी बदलली. साधनें छापील असावीं हा आग्रह सोडला. साधनें कोणाचीं हें ओळखतां यावें, एवढाच ठेविला. ‘तंट्या’ प्रथम वाचावयाची व ‘पानिपत’ पावसाळ्यानंतर, असें ठरलें. वकिलांस हें फारसें रुचलें नाहीं. त्यांच्या मतें गाणें हा पुरावाच नव्हे. त्यांस सरकारपक्षाचे कागद पाहण्याचें काम दिलें आहे व ते तें मनापासून करीत आहेत. धडगांवच्या बाई आणि त्यांचे दोन विद्यार्थी वडीलधाऱ्यांकडून तंट्यामामाचीं गाणीं व गोष्टी ऐकून, कोणीं सांगितलें, कोणत्या गांवीं, कोणत्या बोलींत, हें प्रत्येकाखालीं लिहीत आहेत. कादंबरीची एक प्रत आम्हीं मंडळाची म्हणून राखली आहे. तिच्या समासांत पोथीवर पाठभेद लिहावे तशा तीन खुणा करावयाच्या: ‘का’ म्हणजे कागदास धरून, ‘गा’ म्हणजे गाण्यांत आढळणारें, आणि ‘क’ म्हणजे कर्त्याचें. जेथें खूण ठरत नाहीं तेथें पान कोरें सोडावयाचें. पहिल्या दोन बैठकींत कोरीं पानें अधिक राहिलीं. ‘क’ लिहितांना प्रथम आमच्या हातून जरा तुच्छतेनें लिहिलें जाई. एका परिचारिकेनें तें दाखवून दिल्यापासून आम्ही अक्षर सारखें काढतों.

पुराणवस्तूंच्या व हस्तलिखितांच्या संग्राहकांस आमची विनंति एवढीच. काठी, चिखली, नाला, सिंगपूर, नवलपूर व गव्हाळी ह्या मेवासी संस्थानांसंबंधीं, १८२५ सालीं उभारलेल्या खानदेश भिल्ल पलटणीसंबंधीं, अथवा सातपुड्यांतील नाईकांशीं झालेल्या करारांसंबंधीं कोणाच्या रुमालांत मोडी कागद असतील, तर त्यांच्या नकला किंवा स्वच्छ छायाचित्रें मंडळास द्यावीं. मूळ कागद टपालानें पाठवूं नयेत. छायाचित्रांत कागदाची मागील बाजूही घ्यावी, कारण शिक्का व शेरा पुष्कळदां तेथें असतो. आणि आजोळीं वा शेजारीं कोणास गाणें येत असेल, तर गाणाऱ्याच्या परवानगीनें तेंही टिपून पाठवावें. मिती नसली तरी चालेल, गांवाचें नांव मात्र अवश्य असावें.