कट्यार चकचकीत करायची की जपायची?

खंडेनवमीला पंधरा दिवस होते. काकाने माळ्यावरची पेटी उतरवली आणि घरातली जुनी कट्यार पेपरवर ठेवली. टोक मोडलेलं, मुठीची एक पट्टी हलणारी आणि पात्यावर गंज. काका म्हणाला, "वर्कशॉपमधून बफिंग करून आणतो. टोकही वेल्डिंगने जोडून घेऊ. पूजेत चकाचक दिसली पाहिजे." मीही लगेच हो म्हटलं. 'आधी आणि नंतर'वाली भारी रील झाली असती!

आजीने मात्र ती उचलून मांडीवर घेतली. "नगं आरं, खर्ड्याच्या लढाईतली हाय ती."

खर्डा आमच्याच जामखेड तालुक्यातलं. ११ मार्च १७९५ला मराठ्यांनी तिथे निजामाला हरवलं. आमची कट्यार त्या लढाईत होती, असा एकही कागद घरात नाही. पण मग वाटलं, कागद नाही म्हणजे जी काही खूण असेल ती या लोखंडावरच असणार. तीच घासून टाकली तर उरलं काय?

म्हणून आधी थोडं वाचलं. पहिली गोष्ट कळली ती म्हणजे सगळा गंज सारखा नसतो. हाताला लागणारा लाल, भुसभुशीत गंज ओल धरून ठेवतो आणि लोखंड खात राहतो. तो काढायलाच हवा. पण काळपट, घट्ट बसलेला थर हा वयाचा रंग असतो. तो राहू द्यायचा. चिंच लावून तांब्या घासतो तसं इथे चालत नाही, कारण आम्ल गंजाबरोबर चांगलं लोखंडही खातं.

मग कापसाला थोडं मशीनचं तेल लावून मूठ हलक्या हाताने पुसली. दहा मिनिटांनी काळ्या मळाखाली केसाएवढी बारीक पांढरी रेघ दिसली. चांदी! याला कोफ्तगिरी म्हणतात. लोखंडावर बारीक चरे पाडून त्यावर चांदीची किंवा सोन्याची तार ठोकून बसवतात. थर इतका पातळ की बफिंगच्या चाकाखाली काही क्षणांत कायमचा गेला असता. काका गप्पच झाला.

राहिला प्रश्न टोकाचा. कट्यारीचं टोक बऱ्याचदा मुद्दाम जाड ठेवतात, चिलखताच्या कड्या फोडायला. मग आमचं टोक लढाईतच तुटलं असेल? मी एकदम फिल्मी मूडमध्ये होते. तेवढ्यात आजी हळूच म्हणाली, "तुझ्या आज्यानं पेटीचं कुलूप उचकटलं व्हतं त्यानं." आम्ही सगळे हसत सुटलो. तरी टोक जोडायचं नाही असंच ठरलं. वेल्डिंगच्या आचेने आजूबाजूच्या पोलादाचा कस जातो, आणि आजोबांचं कुलूप हीसुद्धा त्या कट्यारीची गोष्टच आहे की!

हलणारी पट्टी सध्या सुती दोऱ्याने बांधली आहे. जाणकार माणूस सापडला की दोरा सोडता येईल. दुरुस्तीचा नियमच तो, जे कराल ते परत काढता आलं पाहिजे.

तुमच्याही घरात असं काही असेल तर घाई करू नका. आधी चारही बाजूंनी फोटो काढा. नगरचं ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय १९६०पासून आहे, तिथल्या माणसांना विचारा. वस्तू कोरडी ठेवा, शक्यतो म्यानाबाहेर, कारण म्यानात ओल राहते. आणि परदेशातल्या भावाला पाठवायचा विचार असेल तर थांबा. १९७२च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू पुरावशेष ठरते आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही.

खंडेनवमीला पूजा झाली. पात्यावरचा सगळ्यात लाल डाग नेमका दरवर्षी ओलं कुंकू लावायचो तिथेच होता. यंदा आजीने पात्याला बोट लावलं नाही. खालच्या पाटाला कुंकू लावलं आणि मोडक्या टोकाकडे बघून गालात हसली.