अडगावची पळापळ आणि पडद्यावरची पलटण

ऐतिहासिक युद्धांवरचे खेळ संगणकावर खेळणाऱ्या अनसिंग-वाशीमकडील तरुणांची एक तक्रार मी वारंवार ऐकतो, आणि ती गंभीरपणे घेण्याजोगी आहे असे मला वाटते. 2009 साली निघालेल्या ‘एम्पायर : टोटल वॉर’ या खेळात मराठ्यांची सत्ता हाती घेऊन अठराव्या शतकातील हिंदुस्थानात मोहिमा काढता येतात, परंतु लढाई ऐन रंगात आली असता, जिचे बहुतेक शिपाई शाबूत आहेत अशी पलटण एकाएकी पांढरे निशाण फडकावून पाठ फिरवते, शेजारची अर्धीअधिक कापली गेलेली पलटण मात्र जागची हलत नाही, आणि पळणारांना कोणताही हुकूम सोडला तरी तो मानला जात नाही. हा आज्ञावलीतला दोष असावा, असा पुष्कळांचा ग्रह होतो.

वस्तुतः खेळ प्रत्येक पलटणीच्या धैर्याचा जमाखर्च अखंड मांडीत असतो. एकंदर किती माणसे पडली यापेक्षा ती किती थोड्या अवधीत पडली, मारा समोरून आला की बगलेवरून वा पिछाडीवरून, धावाधावीने शिपाई किती थकले, शेजारची पलटण मोडली काय, सेनापती जवळ आहे की कोसळला, या साऱ्या बाबी त्यात खर्ची पडतात. आणि शिल्लक संपताच, अंगावर फारशी जखम नसलेली पलटणही पळ काढते. शौर्य हा शिपायाचा कायमचा गुण नसून घटकेघटकेला वाढणारी-घटणारी पुंजी आहे, ही या रचनेमागील धारणा मला इतिहासाशी प्रामाणिक वाटते.

तिचा पुरावा आपल्याच वऱ्हाडात आहे. 23 सप्टेंबर 1803 रोजी असईच्या रणात शिंद्यांच्या तोफांचा भयंकर मारा इंग्रजांच्या ज्या मद्रासी पलटणींनी छातीवर झेलला होता, त्यांतल्याच पलटणी 29 नोव्हेंबर रोजी अडगावच्या लढाईत, नागपूरकर भोसल्यांच्या तोफा सुरू होताच, दाणादाण होऊन मागे पळाल्या. आणि अडगावचा मारा असईच्या मानाने काहीच नव्हता, असे त्यांच्याच सेनापतीचे, आर्थर वेलस्लीचे, म्हणणे होते. कारणमीमांसा करू गेल्यास, दिवसभर उन्हातून मजल मारून आलेली माणसे, सिरसोली गावाजवळ अद्याप व्यूह मांडून होत नाही तोच त्यांवर आलेले गोळे, आणि एकाला पळताना पाहून दुसऱ्याचे सुटलेले भान, ही खेळातल्या हिशेबाचीच कलमे दिसतात.

एका ठिकाणी मात्र खेळ उणा पडतो. पानिपतावर 14 जानेवारी 1761 रोजी विश्वासराव पडल्यावर सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, आणि अंबारी रिकामी दिसताच भाऊही गेले असे समजून फौजेचा धीर सुटला. सेनापती तर त्या क्षणी हयात होता! संगणकाच्या वहीत खरा मृत्यूच नोंदला जातो; दुरून दिसलेल्या भासाला आणि तोंडोतोंडी पसरलेल्या वार्तेला तेथे खाते नाही.

पळालेल्या पलटणीचे करावे काय, याविषयी मात्र अडगावचा धडा खेळणाराने अवश्य ध्यानी घ्यावा. वेलस्लीने त्या शिपायांची निर्भर्त्सना न करता त्यांना गावाच्या आडोशाला, तोफांच्या माऱ्याबाहेर, पुन्हा रांगेत उभे करविले आणि मग स्वतः पुढे होऊन त्यांना त्यांच्या जागी आणले. खेळातही पळणारांचा पाठलाग होत नसेल आणि सेनापतीचे पथक निकट असेल, तर पलटण पुष्कळदा सावरते. पण जिचा धीर साफ खचला ती परतत नाही, तिच्यामागे वेळ दवडणे व्यर्थ.

अडगावला त्या सायंकाळी भोसल्यांची फौज मोडली. 15 डिसेंबरला गाविलगड पडला, आणि दोनच दिवसांनी देवगावच्या तहान्वये वर्धेच्या पश्चिमेकडील वऱ्हाडावरचा भोसल्यांचा हक्क संपुष्टात आला. अनसिंगचा मुलूख त्याच पश्चिमेकडच्या वऱ्हाडातला.