मिरकरवाड्याच्या धक्क्यावरील कस्तुरी

अत्तराची परीक्षा घेण्यासाठी कोणी मासळीबाजारात जात नाही, आणि आम्हीही त्या हेतूने गेलो नव्हतो. रत्नदुर्गावर भगवतीचे दर्शन घेतल्यावर, समुद्रावरून परतणाऱ्या नौका मुलांना दाखवाव्यात म्हणून आम्ही सहकुटुंब खाली मिरकरवाडा बंदराकडे वळलो. पुण्याहून आलेली आमची पुतणी त्या दिवशी नवे विलायती अत्तर लावून आली होती. बंदर जवळ येताच थोरल्या वहिनींनी नाकाला पदर लावला, आणि पुतणीच्या मनगटावरील तो सुवास आता बुडणार अशी आमची खात्री झाली.

तो बुडाला नाही. लिलावाची धांदल, बर्फाच्या पेट्या आणि ओल्या जाळ्यांचे ढीग यांतून आम्ही अर्धा तास हिंडलो. आरंभी संत्र्याच्या फुलांचा जो नाजूक दरवळ होता, तो खरोखरच हरवला. परंतु त्याच्या तळाशी असलेला उबदार वास, न्हाऊमाखू घातलेल्या तान्ह्या मुलाच्या टाळूसारखा, मासळीच्या वासाशी न भांडता त्याच्या शेजारी बसून राहिला. मासळी विकणाऱ्या एका बाईंनी तर पुतणीला थांबवून, हे कोणते अत्तर, अशी चौकशीही केली.

त्याचे नाव 'फॉर हर'. नार्सिसो रॉद्रिगेझ या अमेरिकन वेषभूषाकाराच्या नावाने ते २००३ साली निघाले. क्रिस्टीन नाजेल व फ्रान्सिस कुर्कजियान या दोघांनी ते घडविले. वर फुले आणि पोटात कस्तुरी, अशी त्याची ठेवण आहे.

बंदरावर ते टिकले ते या कस्तुरीमुळे. मासळीचा उग्र वास मुख्यतः ट्रायमिथिलअमाईन नावाच्या द्रव्याचा असतो. ते हलके असल्याने झटकन उडते आणि आम्लाने मारले जाते. हाताला लिंबू चोळण्याची चाल त्यातूनच आली. कस्तुरीचे रेणू मात्र जड, सावकाश उडणारे. आणखी एक गंमत अशी की, मोगऱ्याच्या सुवासात इंडोल नावाचे जे द्रव्य असते, तेच विष्ठेतही सापडते. (हे सांगताच वहिनींनी वेणीतला गजरा चाचपून पाहिला!) सुगंध आणि दुर्गंध ही दोन घराणी आपण समजतो तितकी परकी नाहीत. नुसत्या फुलांचे अत्तर आम्हांस नेहमी थोडे पोकळ वाटते, ते कदाचित याचमुळे.

खरा तंटा घरी आल्यावर उपस्थित झाला. पुतणीने कुपी सहज देवघराच्या कोनाड्यात ठेवली होती. कस्तुरी हा शब्द कानी पडताच आमच्या आत्यांनी ती तेथून काढावयास सांगितली. विलायती पाण्यात मद्यार्क तर असणारच. वर कोणत्या मुक्या जनावराचे काय घातले असेल, कोण जाणे! मद्यार्काचा आक्षेप आम्ही निमूटपणे मान्य केला. दुसऱ्याविषयी मात्र बोलणे भाग पडले. कारण त्याच देवघरात आजोबांच्या वेळची चांदीची डबी आहे, आणि तिच्यातील कस्तुरी देवाच्या गंधात उगाळली जात असे.

हिमालयातील कस्तुरीमृगांपैकी केवळ नराच्या पोटाशी ही ग्रंथी असते. तीत सुमारे २५ ग्रॅम कस्तुरी निघते, आणि तेवढ्यासाठी मृग मारला जाई. जाळ्यात माद्या व पाडसेही सापडत, ती फुकट मरत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे ही शिकार बंद केली. परंतु त्याआधीच, १८८८ साली, आल्बर्ट बावर या रसायनशास्त्रज्ञास स्फोटक द्रव्याच्या खटपटीत कस्तुरीच्या वासाचा पदार्थ अवचित गवसला होता. पुढे १९२६ मध्ये रुझिच्का यांनी खऱ्या कस्तुरीतील गंधद्रव्याची घडण उलगडली. त्यांना १९३९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या अत्तरांतील कस्तुरी बहुधा कारखान्यातलीच असते. तात्पर्य, जीवहत्येचा डाग कुपीवर नसून डबीवर होता.

हे ऐकून आत्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी कुपी नाकाशी नेली आणि वास मुळीच येत नाही, असे सांगितले. आम्हांस तो हट्ट वाटला. पण काही माणसांना कृत्रिम कस्तुरीचे काही प्रकार खरोखरच जाणवत नाहीत, बाकी नाक उत्तम असले तरी. त्यानंतर त्यांनी डबी मागितली. ती कित्येक वर्षे रिकामी आहे. त्यांनी झाकण उघडले, डोळे मिटले, आणि आपल्या आईचे लुगडे आठवले, एवढेच म्हणाल्या. पुतणीनेही डबी हुंगली. तिला कळला तो फक्त चांदीचा आणि चंदनाचा वास.

डबी आज होती तेथेच आहे. कुपी मात्र पुतणीबरोबर पुण्यास परत गेली नाही. ती आत्यांच्या पलंगाजवळील फडताळात आहे. वास येत नाही तर ती तेथे कशाला, हे विचारण्याचे धैर्य आमच्या घरात अजून कोणासही झालेले नाही.