गाडी नुसती ‘टक्’ करते? लगेच स्टार्टर बदलू नका

रात्री पेशंट न्यायची वेळ आणि नेमकी जुनी बोलेरो रुसते. अशा वेळी हेडलाइट लावून चावी फिरवा. लाइट एकदम मंदावला तर बहुधा बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर बसलाय. आधी निगेटिव्ह काढा, मग पॉलिश पेपरने घासा. इंजिनला जाणारी अर्थिंगची वायरही बघा, ती हमखास विसरली जाते.

लाइट तेजच राहून नुसतं ‘टक्’ होत असेल, तर सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट किंवा कार्बन ब्रश झिजलेले असू शकतात. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला ठेवून एकाने चावी धरावी, दुसऱ्याने स्टार्टरला पान्याने हलकं ठोकावं. कधीकधी तेवढ्यावर दवाखाना गाठता येतो. सकाळी ऑटो इलेक्ट्रिशियनकडून ब्रश बदलून घ्या. अख्खा नवा स्टार्टर दरवेळी लागत नाही.