रेंज आहे, नेट नाही

सकाळी पावणेआठला पहिला फोन. "दादा, नेट गेलंय. नवीन राऊटर घेऊन टाकू का?" आमच्या लायनीत ही दोन वाक्यं जोडीनेच येतात. राऊटर विकला तर मलाही दोन पैसे सुटतात, तरी आधी विचारतो, "काकू, भिंतीवरच्या पांढऱ्या डब्यावर लाल दिवा दिसतोय का?" लाल दिवा असेल तर फायबरमधून येणारा उजेडच घरात पोहोचत नाहीये. दहा हजारांचा राऊटर आणून ठेवला तरी तो तसाच बसून राहील. काकूंकडे लाल दिवा होता. राऊटरची चौकशी तिथेच संपली.

साडेआठला बॅग घेऊन निघतो. बॅगेत पॉवर मीटर, स्प्लायसिंग मशीन, क्लीव्हर, क्रिम्पिंगची पक्कड आणि कॅट-६ वायरचं एक वेटोळं. पत्त्यावर ना. म. जोशी मार्ग लिहितात, तोंडात मात्र सगळ्यांच्या डिलाईल रोडच. इथला पूल २०१८ च्या जुलैमध्ये बंद झाला आणि पूर्ण खुला व्हायला २०२३ चा नोव्हेंबर उजाडला. तेवढ्या काळात पुलापलीकडच्या ग्राहकाकडे जायचं म्हणजे वळसा, आणि शिव्या खायच्या त्या आम्हीच. आता पाच मिनिटांत पोहोचतो.

काकूंच्या चाळीत मीटर लावला. उणे वीस डीबीएमच्या आसपास आकडा असला की मी खूश. उणे सत्तावीसच्या खाली घसरला की डबा धापा टाकायला लागतो. इथे तर आकडाच नव्हता. जिन्याखाली उंदराने केबल कुरतडली होती. एका फायबरवरून बत्तीस, कुठे चौसष्ट घरं जोडलेली असतात. त्यातल्या एका घराची बारीक तार तुटली तर बाकीच्यांना पत्ताही लागत नाही, म्हणून शेजारीण म्हणते, "आमचं तर चालू आहे, तुमचाच राऊटर खराब." जोड मारला, दिवा हिरवा झाला.

साडेनऊला गिरणीतून निवृत्त झालेल्या एका आजोबांकडे. तक्रार अशी की नातवाचा क्लास अडकतो. राऊटर कुठे? गोदरेजच्या कपाटावर, मागे ढकललेला, पुढे टीव्हीचं खोकं आणि वरून भरतकामाचं आच्छादन. धूळ बसू नये म्हणून. लोखंडी कपाट, फ्रीज, आरसा, माशांची टाकी, या चार वस्तूंनी मुंबईत जेवढी रेंज खाल्ली असेल तेवढी भिंतींनीही खाल्ली नसेल. राऊटर उचलून दाराच्या चौकटीवर फळी ठोकून ठेवला, आच्छादन आजीबाईंना परत दिलं. आजोबांनी विचारलं, "किती झाले?" काही नाही, चहा झाला.

अकराच्या सुमाराला बीडीडी चाळीत शिरलो. माझ्या दिवसाचं खरं डोकं इथे लागतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात या चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, शिवडी आणि आमची, मिळून २०७. ना. म. जोशी मार्गावर ३२ होत्या, त्यातल्या काही पाडून आता म्हाडाचे टॉवर चढतायत. एका चाळीत तळमजल्यासह चार मजले, मजल्याला वीस खोल्या, मधून अंधारा व्हरांडा, खोली १६० चौरस फुटांची. म्हणजे एका इमारतीत ८० बिऱ्हाडं. आता जवळपास प्रत्येक बिऱ्हाडात एक राऊटर धरा.

व्हरांड्यात उभं राहून मोबाईलवर चॅनेलचं ॲप उघडलं की पडद्यावर डोंगरावर डोंगर चढलेले दिसतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. ऐंशी राऊटर, तीन रस्ते. त्यात निम्म्या राऊटरवर रुंदी ४० मेगाहर्ट्झ ठेवलेली, म्हणजे एकाच गाडीने दोन लेन अडवल्या. म्हणून इथे मोबाईलवर रेंजच्या सगळ्या काड्या भरलेल्या दिसतात आणि व्हिडिओ मात्र गोल गोल फिरत राहतो. रेंज आहे, नेट नाही. लोक मग चार अँटेनावाला राऊटर आणतात. त्याने काय होतं? आपला आवाज शेजाऱ्याच्या खोलीत जास्त जातो, शेजारीही उद्या चार अँटेनावाला आणतो. शिवाय बोलणं दोन्ही बाजूंनी असतं. राऊटर कितीही मोठ्याने ओरडला तरी हातातल्या मोबाईलचं उत्तर तेवढ्याच दबक्या आवाजात येतं.

इथला उपाय ५ गिगाहर्ट्झ. त्याच्याबद्दल सगळे सांगतात की तो भिंतीपलीकडे जात नाही. बरोबर, जात नाहीच. बीडीडीच्या काँक्रीटच्या भिंतीत तो जवळजवळ मरतो. पण दहा बाय सोळाच्या खोलीत त्याला भिंत ओलांडायचीय कशाला? उलट शेजाऱ्याचा आवाजही भिंतीतच मरतो, आणि या पट्ट्यात जागाही ऐसपैस. आपल्याकडे ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने या पट्ट्यातले ६०५ मेगाहर्ट्झ परवान्याशिवाय वापरायला खुले झाले. तेव्हा चाळीतल्या माणसाला माझा सल्ला एका ओळीचा: सिंगल बँड राऊटर फुकट मिळाला तरी घेऊ नका, ड्युअल बँडच घ्या. मोबाईल आणि टीव्ही ५ वर टाका, २.४ फक्त जुन्या फोनला आणि कॅमेऱ्याला ठेवा, त्याची रुंदी २० करा आणि चॅनेल 'ऑटो'वर सोडू नका. बऱ्याच स्वस्त राऊटरचं ऑटो चालू होताना एकदा बघतं आणि मग विसरून जातं.

दुसऱ्या मजल्यावरच्या ताईंनी वेगळाच प्रश्न टाकला. "वर्षा-दोन वर्षात टॉवरमध्ये जायचंय. आत्ता घेतलेला तिकडे चालेल का?" प्रश्न अगदी रास्त. वरळीला ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या दिल्या, तेव्हापासून इथेही सगळे सामानाची मापं काढतायत. नवं घर ५०० चौरस फुटांचं, दोन बेडरूम, हॉल, स्वयंपाकघर वेगळं. मी म्हटलं, मेश जमणारा घ्या. आज एकटा चालेल, उद्या त्याच जातीचा दुसरा जोडता येईल. सोफा आत्ता घेऊ नका, हा घेतला तर हरकत नाही.

एकला खानावळीत जेवण. आमटी पातळ होती.

पावणेदोनची लोकल पकडून लोअर परळहून ग्रँट रोड. तीन स्टेशनं. लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्गावर, माझं ठरलेलं दुकान आहे. इथे राऊटर खोक्यावरच्या आकड्यांवर विकला जातो, आणि आकडे वाचता येत नसतील तर खिसा कापलाच. खोक्यावर 'एसी १२००' लिहिलंय. गिऱ्हाइकाला वाटतं, बाराशे एमबीपीएस स्पीड. ते बाराशे म्हणजे २.४ चे ३०० आणि ५ चे ८६७ यांची बेरीज, वर थोडं गोल केलेलं. एक मोबाईल एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो, त्यामुळे बेरीज कुणाच्याच वाट्याला येत नाही. आणि ८६७ हादेखील कागदावरचा आकडा. समोर बसून त्याच्या निम्मा-पाऊण मिळाला तरी पुष्कळ.

त्याहून मोठी मेख मागच्या बाजूला असते. टीपी-लिंकचे दोन राऊटर घ्या, आर्चर सी-५० आणि आर्चर सी-६. दोन्हींच्या खोक्यावर एसी १२००. सी-५० च्या मागची भोकं १०/१०० ची आहेत, सी-६ ची गिगाबिट. तुमचा प्लॅन २०० एमबीपीएसचा असला तरी सी-५० मधून पंचाण्णवच्या वर एक थेंब येणार नाही, कारण फायबरच्या डब्यातून राऊटरमध्ये येणारी वायरच शंभरावर अडते. प्लॅन चाळीस-पन्नासचा असेल तर सी-५० मध्ये काही वाईट नाही, पैसे वाचतात. शंभर किंवा त्यावरचा असेल तर गिगाबिटच. हजार-बाराशे आणि दोन-अडीच हजार यांतला फरक प्रामुख्याने याच भोकांचा आहे, आणि शंभराची असली तर ती खोक्याच्या समोरच्या बाजूला सहसा छापत नाहीत. अँटेना मात्र सोनेरी अक्षरांत.

दुकानात एक काका जुना मोडेम-राऊटर स्वस्तात मिळतोय म्हणून हरखून उभे होते. त्याला फोनची बारीक वायर लागते. तो तांब्याच्या लाईनवर चालणाऱ्या ट्रायबँडच्या काळातला. फायबरला त्याचा उपयोग शून्य. मी मध्ये बोललो. दुकानदाराने माझ्याकडे बघितलं ते बघणं मी दिवसभर विसरलो नाही.

चारला परत. 'गावाच्या खोली'त जायचं होतं. बाहेरच्यांना सांगावं लागतं: कोल्हापूर-साताऱ्याकडच्या गावांनी गिरण्यांच्या काळात मुंबईत खोल्या घेतल्या, गावच्या माणसाने यावं, पथारी पसरावी, नोकरी शोधावी. गिरण्या गेल्या तरी अशा काही खोल्या राहिल्या. आता तिथली पोरं डिलिव्हरीला, सिक्युरिटीला, मॉलमध्ये. रात्रपाळीचे दुपारी झोपतात, दिवसपाळीचे रात्री. मोबाईल मात्र सगळ्यांचे अखंड चालू. एका राऊटरवर पंचवीसेक फोन.

इथे स्पीड वाढवून भागत नाही. वाय-फायमध्ये एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं, आणि जुना, दूर ठेवलेला, अडखळत बोलणारा फोन सगळ्यांचा वेळ खातो. मंडळाचे सेक्रेटरी वाय-फाय ६ घ्यायला तयार होते. मी पोरांचे फोन तपासले. बहुतेक जुने, त्यांना ६ ची भाषाच येत नाही. ६ ची खरी करामत अनेकांशी एकाच वेळी थोडं थोडं बोलण्यात आहे, पण समोरच्यालाही ते जमायला हवं. मग ठरलं असं: चांगल्या प्रोसेसरचा ड्युअल बँड गिगाबिट राऊटर खोलीच्या मध्यावर छताला, आणि टीव्हीला वायर. टीव्ही वायरवर गेला की हवेतली सगळ्यात जड गाडी उतरली. सेक्रेटरी म्हणाले, "वायर दिसायला बरी दिसत नाय." वीस पथाऱ्या पसरलेल्या खोलीत!

पासवर्डही बदलून घेतला. आधीचा होता १ ते ८. राऊटरच्या आतला ॲडमिनचा पासवर्ड तर खोक्यातून आला तसाच. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता जोडायची सोय, तीही बंद केली.

सहाला टॉवर. जुन्या गिरणीच्या जागेवरचा, लिफ्टमध्ये सुगंध. मॅडम घरून काम करतात, बेडरूममध्ये कॉल तुटतो. फायबरचा डबा बिल्डरने दाराशेजारी चपलांच्या कपाटामागे, पत्र्याच्या डीबी बॉक्समध्ये बंद केलेला. बिल्डरला तो दिसू नये असं वाटतं, आणि तो दिसेनासा होतोच, मोबाईललासुद्धा. मॅडमनी मध्ये एक रिपीटर लावला होता. साधा रिपीटर ज्या चॅनेलवर ऐकतो त्याच चॅनेलवर पुढे बोलतो, त्यामुळे स्पीड अर्धा होतो. महागडा तीन डब्यांचा मेश सेट ऑनलाईन बघून ठेवलेला होता. मी बेडरूमपर्यंत टीव्हीच्या जुन्या केबलची नळी शोधली, तिच्यातून कॅट-६ ओढली आणि त्यांचाच कपाटात पडलेला आधीचा राऊटर ॲक्सेस पॉईंट करून टोकाला लावला. वायर आणि मजुरी, एवढाच खर्च. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी सगळ्या मुंबईची वीज गेली तेव्हापासून मॅडम राऊटरसाठी छोटा यूपीएस शोधत होत्या. तोही सांगून आलो, बारा व्होल्टचा, फायबरचा डबा आणि राऊटर दोन्हींना पुरेल असा. नऊ व्होल्टचा राऊटर असेल तर पिन बसली म्हणून बाराचा अडॅप्टर लावायचा नाही, एवढं बजावून.

साडेआठ ते दहा फोनच फोन. याच वेळी सगळी चाळ एकदम बघत असते. या तासाला कंपन्यांची माणसं सर्रास म्हणतात, "राऊटर जुना झालाय, बदला." तक्रार बंद करायचा तो सोपा मार्ग आहे, मला तो आवडत नाही. खरं काय ते घरच्या घरी कळतं: लॅपटॉपला वायर लावा आणि स्पीड बघा. वायरवर पूर्ण आणि हवेत अर्धा असेल तर राऊटरचं बघा. वायरवरच कमी असेल तर आमच्याशी भांडा, राऊटर घेऊ नका. ज्यांच्याकडे लॅपटॉप नाही त्यांनी मोबाईल राऊटरशेजारी धरून ५ वर बघावं, बरंचसं कळतं. आज भांडायला आलेल्यांपैकी एकाचं बरोबर निघालं, आमच्याच बाजूला लाईन भरलेली होती. त्याला तसं सांगितलं तर तोच गांगरला.

साडेदहाला लॅमिंग्टनच्या दुकानदाराला व्हॉट्सॲपवर ऑर्डर टाकली: ड्युअल बँड गिगाबिट, कॅट-६ चं बंडल, बारा व्होल्ट एक अँपियरचे अडॅप्टर. त्याचं लगेच उत्तर: "छह अँटेनावाला नया माल आया है, सस्ता. भेजू?"

"पोर्ट?"

"हंड्रेड का."

"नको."