ब्लॅकलेटर अक्षरवळणाविषयी

वृत्तपत्राच्या नावात किंवा पदवीपत्राच्या माथ्यावर दिसणारे, जाड उभ्या दंडांचे व टोकदार कोनांचे जे ब्लॅकलेटर (रुंद टोकाच्या लेखणीतून उद्भवलेले मध्ययुगीन युरोपीय अक्षरवळण), ते नाझी राजवटीची निर्मिती होय, हा समज रूढ असला तरी यथार्थ नाही. कारण सुमारे १४५५ साली गुटेनबर्गने मुद्रित केलेले बायबल याच वळणाचे असून, आरंभी त्यास आश्रय देणाऱ्या नाझी अंमलानेच जानेवारी १९४१ मध्ये फर्मान काढून त्याचा सरकारी वापर बंद केला.

जरीचा फेटा जसा लग्नसमारंभी शोभतो, परंतु रोजच्या कचेरीत जड होतो, तद्वत हा टंक (छपाईचा अक्षरसंच) मथळ्यास खुलतो, दीर्घ मजकुरात मात्र आजच्या वाचकाच्या दृष्टीस शीण देतो. आणि त्याची केवळ मोठी अक्षरे सलग जुळविल्यास शब्द ओळखणेच दुर्घट होते.